मेडॅलियन टेबलावर असूनही कॉम्बो अर्ध्यात का बसतो: तपासणी आणि दुरुस्ती

मॅजिक द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळातल्या कॉम्बो डेकबद्दल (एकाच टर्नमध्ये, म्हणजे पाळीत, पत्त्यांची साखळी लावून जिंकू बघणारा डेक) तक्रार नेहमी एकाच चालीची असते. दुसऱ्या टर्नला रूबी मेडॅलियन (लाल पत्ते १ मानाने स्वस्त करणारा आर्टिफॅक्ट) उतरलं, तिसऱ्या टर्नला तिन्ही लँड टॅप केले (माना, म्हणजे पत्ते टाकायची किंमत, मिळवायला आडवे केले), दोन रिचुअल (माना वाढवून देणारे पत्ते) झाले, पास्ट इन फ्लेम्स (कचऱ्यातले, म्हणजे वापरून झालेले, पत्ते पुन्हा टाकू देणारा पत्ता) पडलं, आणि एक माना कमी पडून सगळं बसलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मग डेकमध्ये स्वस्ताई करणारे आणखी दोन आर्टिफॅक्ट भरले जातात, आणि डेक पहिल्यापेक्षा जास्त अडकायला लागतो.

मॅजिक द गॅदरिंगमधल्या वेगवान कॉम्बो डेकचं हे जुनं दुखणं आहे. मेडॅलियन १९९७ च्या टेम्पेस्ट संचातली, मॉडर्न या स्पर्धाप्रकारात आली ती २०२४ च्या मॉडर्न होरायझन्स ३ मधून. बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात बरेच जण डेक इंटरनेटवरची यादी बघून जुळवतात. यादी बरोबर असते, पण सूट नेमकी कुठे लागते हे यादीत लिहिलेलं नसतं. कर्नाटकात २०२३ पासून महिलांना सरकारी साध्या बसला तिकीट नाही, म्हणून काही बेंगळुरूच्या एसी बसमध्ये तसंच चढता येत नाही. मेडॅलियनची सूटही अशीच, ठरलेल्या गाडीपुरती.

आधी किंमत कशी ठरते ते पक्कं करा

नियमावलीतला ६०१.२ हा नियम स्पेल, म्हणजे माना मोजून खेळायचा पत्ता, टाकण्याचा क्रम सांगतो. त्यातला किमतीचा भाग असा: मूळ किंमत (किंवा फ्लॅशबॅकसारखी, म्हणजे कचऱ्यातून टाकतानाची, पर्यायी किंमत) घ्या, त्यात जादा खर्च आणि सगळ्या वाढी मिळवा, मग सगळ्या सवलती वजा करा. ट्रिनिस्फिअर (प्रत्येक स्पेलची किंमत किमान ३ करणारा पत्ता) असेल तर ते अगदी शेवटी लागतं. मेडॅलियनसारखी १ ची सवलत फक्त जेनेरिक भागातून, म्हणजे कोणत्याही रंगाच्या मानाने भरता येणाऱ्या, राखाडी वर्तुळातल्या आकड्यातून वजा होते. रंगीत माना कमी होत नाही, आणि जेनेरिक शून्याच्या खाली जात नाही. टेबलावरची निम्मी भांडणं एवढ्यात मिटतात.

यातून निघणाऱ्या, पण सतत चुकणाऱ्या गोष्टी:

डार्क रिचुअलमध्ये एक काळा माना आहे, जेनेरिक काहीच नाही. काळ्या स्पेलना सूट देणारं जेट मेडॅलियन असलं तरी त्याची किंमत तेवढीच.

रूबी मेडॅलियन लाल स्पेलनाच सूट देतं, आणि ते स्वतः रंगहीन आहे. त्यामुळे दुसरं मेडॅलियन टाकताना पूर्ण २ माना मोजावे लागतात.

मॅनामॉर्फोजमधला संकरित माना लाल-हिरवा असल्यामुळे तो पत्ता लाल धरला जातो. रूबी मेडॅलियनने तो १ मानात पडतो आणि २ परत देतो.

सूट स्पेलना आहे, क्षमतांना नाही. सेन्सेईज डिव्हायनिंग टॉपची वरचे तीन पत्ते बघायची १ मानाची क्षमता कोणत्याही मेडॅलियनने किंवा हेल्म ऑफ अवेकनिंगने (सगळ्या स्पेलना सूट देणारा पत्ता) फुकट होत नाही.

किंमत कमी झाली तरी मॅना व्हॅल्यू (पत्त्यावर छापलेल्या किमतीची बेरीज) बदलत नाही. चॅलिस ऑफ द व्हॉइड (ठरलेल्या मॅना व्हॅल्यूचे स्पेल काउंटर, म्हणजे रद्द, करणारा पत्ता) २ वर असेल तर तुम्ही १ मानात टाकलेला पायरेटिक रिचुअलसुद्धा काउंटर होतो.

एक्स असलेल्या स्पेलमध्ये एक्स आधी ठरतो, सूट नंतर. एक्स ५ ठरवला तर जेनेरिक ५ धरून त्यातून १ वजा.

जमाखर्च मांडून बघा

तंबाखूच्या वखारीत जशी खतावणी ठेवतात तशी कागदावर दोन रकाने करा: किती माना उरले, कितवा स्पेल. हातात डेस्परेट रिचुअल, पायरेटिक रिचुअल, मॅनामॉर्फोज आणि पास्ट इन फ्लेम्स धरा, आणि तीन लँड.

मेडॅलियन नसताना: सुरुवात ३. डेस्परेटला २ दिले, ३ आले, उरले ४. पायरेटिकनंतर ५. मॅनामॉर्फोजने २ घेतले, २ दिले, ५ च राहिले. पास्ट इन फ्लेम्सला ४ गेले, उरला १. आता कचऱ्यातला रिचुअल पुन्हा टाकायला २ लागतात. बसलं.

एक मेडॅलियन असताना: सुरुवात ३. डेस्परेटनंतर ५, पायरेटिकनंतर ७, मॅनामॉर्फोजनंतर ८. पास्ट इन फ्लेम्स ३ मध्ये पडलं, उरले ५. फ्लॅशबॅकने डेस्परेट, उरले ७. पायरेटिक, ९. मॅनामॉर्फोज, १०. सात स्पेल झाले, १० माना हातात, आणि मॅनामॉर्फोजने दोन पत्ते दिले.

म्हणजे पहिल्या मेडॅलियनने या साखळीत ९ मानांचा फरक पाडला. आता दोन मेडॅलियन धरून तीच साखळी चालवा. रिचुअल आणि मॅनामॉर्फोजमध्ये जेनेरिक एकच होता, तो पहिल्यानेच खाल्ला. दुसऱ्याचा फायदा फक्त पास्ट इन फ्लेम्सवर, तिथे ३ ऐवजी २. शेवटी १० ऐवजी ११. साखळीच्या मधोमध २ माना देऊन दुसरं मेडॅलियन उतरवलं, तर बहुतेक वेळा १ माना तोट्यातच जाल. आम्ही पाहिलेल्या बऱ्याचशा "एक माना कमी पडला" तक्रारींचं मूळ इथे आहे.

दुसरं मेडॅलियन खरोखर कामाला येतं अशा तीन जागा आहेत. पहिली, दोन किंवा जास्त जेनेरिक असलेले पत्ते: पास्ट इन फ्लेम्स, विश, ग्लिम्प्स द इम्पॉसिबल. दुसरी, समोरच्याने कर लावलाय तेव्हा; ते पुढे येतं. तिसरी स्प्लाइस, म्हणजे हातातला पत्ता दुसऱ्या स्पेलला जोडणं, आणि ती पुष्कळ जण विसरतात.

डेस्परेट रिचुअल आर्केन जातीचा आहे, आणि आर्केनवरच स्प्लाइस होतो. हातातला दुसरा डेस्परेट त्यावर स्प्लाइस केला की एकाच स्पेलची किंमत २ जेनेरिक आणि २ लाल होते, ६ लाल माना येतात, आणि स्प्लाइस केलेला पत्ता हातातच राहतो. सूट मात्र पूर्ण स्पेलला मिळून लागते, प्रत्येक भागाला वेगळी नाही. एका मेडॅलियनने ३ देऊन ६ मिळतात, मग हातातला डेस्परेट १ देऊन ३. एकूण नफा ५. दोन्ही सुटे टाकले असते तर नफा ४. दोन मेडॅलियन असतील तर २ देऊन ६, मग १ देऊन ३, नफा ६. फक्त सुरुवातीला पुरेसे लाल माना हातात हवेत. तिसऱ्या टर्नला तीनपैकी एक लँड लाल देत नसेल तरी एका मेडॅलियनने चालून जातं, कारण त्या ३ मधला १ जेनेरिक आहे.

ग्रेपशॉट कधी टाकायचा

वरच्याच साखळीत हातात एक ग्रेपशॉट (तो त्या टर्नचा जितकावा स्पेल, तितके डॅमेज देणारा पत्ता) आहे असं धरा. बहुतेक जण तो शेवटपर्यंत जपून ठेवतात. सात स्पेलनंतर टाकला तर आठवा, म्हणजे ८ डॅमेज. आता तोच ग्रेपशॉट पास्ट इन फ्लेम्सच्या आधी टाका. तीन स्पेलनंतर चौथा ग्रेपशॉट, ४ डॅमेज, उरले ७. पाचवं पास्ट इन फ्लेम्स, उरले ४. डेस्परेट ६, पायरेटिक ८, मॅनामॉर्फोज ९. मग ग्रेपशॉट फ्लॅशबॅकने, नववा स्पेल, ९ डॅमेज. एकूण १३, आणि तरीही ८ माना शिल्लक. पास्ट इन फ्लेम्स लागू होतं त्या क्षणी जे पत्ते कचऱ्यात आहेत त्यांनाच फ्लॅशबॅक मिळतो, म्हणून हा क्रम महत्त्वाचा.

१३ ने वीस लाइफ संपत नाहीत, हे खरं. पण ८ माना आणि मॅनामॉर्फोजचे दोन पत्ते हातात असताना पुढचा रस्ता खुला असतो. रेकलेस इम्पल्स किंवा रेन्स रिझॉल्व्ह मेडॅलियनने १ मानात पडतात आणि वरचे दोन पत्ते खेळायला देतात. ते त्या टर्नचा लँड टाकण्याआधी खेळा. वर लँड निघाला तर तो त्याच टर्नला टाकता येतो, नाहीतर तो पत्ता त्या टर्नपुरता वाया.

किती प्रती ठेवायच्या

६० पत्त्यांच्या डेकमध्ये ४ प्रती असतील तर पहिल्या सात पत्त्यांत किमान एक येण्याची शक्यता ४० टक्के. म्हणजे दर पाच डावांपैकी तीनदा हात मेडॅलियनविना. ८ प्रती केल्या, उदाहरणार्थ ४ मेडॅलियन आणि ४ राल, मॉन्सून मेज, तर ६५ टक्के. दुसऱ्या क्रमांकाने खेळताना दुसऱ्या टर्नपर्यंत नऊ पत्ते पाहिले की ७५ टक्के. १२ केल्या तर सुरुवातीच्या हाताचा आकडा ८१ वर जातो, पण सातांत दोन किंवा जास्त येण्याची शक्यता २३ वरून ४३ टक्क्यांवर चढते. दुसऱ्या प्रतीची किंमत वर पाहिलीच. म्हणून या डेकला ८ ठीक, ९ पुरे, १२ नको.

रालबद्दल एक सावधगिरी. मॅजिकमधला हा राल २ मानाचा प्राणी आहे. तो इन्स्टंट (केव्हाही टाकता येणारे) आणि सॉर्सरी (आपल्या मुख्य टप्प्यातच टाकायचे) स्पेलना १ ची सूट देतो, आणि तुमच्या टर्नमध्ये असा स्पेल टाकला की छापा-काटा करायला लावतो. हरलात तर तुम्हाला १ डॅमेज. जिंकलात तर त्याला उलटवून प्लेन्सवॉकर (पत्त्याच्या मागच्या बाजूचं रूप) करता येतं, पण ती सक्ती नाही. उलटला की प्राण्याच्या बाजूची सूट तिथेच संपते. प्लेन्सवॉकर झाल्यावर त्याची +१ क्षमता वापरली की पुन्हा १ ची सूट मिळते. ती क्षमता स्टॅक (टाकलेल्या, पण अजून लागू न झालेल्या स्पेलची रांग) रिकामा असतानाच वापरता येते. म्हणून एका रिचुअलच्या प्रतिसादात दुसरा टाकताना राल उलटवला, तर दुसऱ्याची किंमत आधीच मोजलेली असते, पण तिसरा महाग पडतो. स्टॅक मोकळा करा, +१ वापरा, मगच पुढे.

मेडॅलियनवर घाव आला तर

समोरच्याने वेअर टाकून मेडॅलियन फोडायला घेतलं की पुष्कळ जण मान टाकतात. घाई करू नका. किंमत स्पेल टाकतानाच ठरते आणि मोजली जाते. त्यानंतर मेडॅलियन गेलं तरी आधीच्या स्पेलला धक्का लागत नाही. आणि वेअर स्टॅकवर असेपर्यंत मेडॅलियन टेबलावरच आहे. डेस्परेट, पायरेटिक आणि मॅनामॉर्फोज तिन्ही इन्स्टंट. तुमच्या मुख्य टप्प्यात घाव आला असेल तर तिन्ही सूट धरून लगेच टाका. माना तो टप्पा संपेपर्यंत टिकतो, म्हणून घाव पडून गेल्यावर त्याच मानातून पूर्ण किमतीचं पास्ट इन फ्लेम्स टाकता येतं. हाच घाव तुमच्या अपकीपला (टर्नच्या सुरुवातीचा टप्पा) किंवा त्यांच्या टर्नला आला तर ही युक्ती नाही, कारण माना पुढच्या टप्प्यात जाणार नाही. हुशार खेळाडू म्हणूनच अपकीपला फोडतात.

फोर्स ऑफ व्हिगर तुमच्या टर्नला समोरच्याला फुकट पडतं (हातातला एक हिरवा पत्ता हद्दपार करून), आणि दोन आर्टिफॅक्ट एकदम नेतं. हिरव्या डेकसमोर दोन्ही मेडॅलियन उतरवून वाट बघत बसणं म्हणजे दोन्ही गमावण्याची तयारी.

उलट स्टोनी सायलेन्स किंवा नल रॉड बघून घाबरायचं कारण नाही. ते आर्टिफॅक्टच्या किंमत देऊन (टॅप करून, माना मोजून) वापरायच्या क्षमता बंद करतात. मेडॅलियनची सूट कायम चालू असणारी आहे, ती चालूच राहते. बंद पडतात ते लोटस पेटल आणि टॉप.

कर लावणारे पत्ते

थालिया, स्फिअर ऑफ रेझिस्टन्स, डॅम्पिंग स्फिअर हे किंमत वाढवतात. वाढ आधी, सूट नंतर, म्हणून वाढलेला जेनेरिक मेडॅलियनला खाता येतो. डॅम्पिंग स्फिअरमध्ये त्या टर्नला आधी टाकलेल्या प्रत्येक स्पेलमागे १ वाढतो. एका मेडॅलियनने पहिला रिचुअल १ ला (नफा २), दुसरा २ ला (नफा १), तिसरा ३ ला (नफा शून्य). दोन मेडॅलियनने पहिला १, दुसरा १, तिसरा २. इथे दुसरं मेडॅलियन जोरात चालतं, आणि साइडबोर्डनंतर, म्हणजे दोन डावांच्या मध्ये पत्ते बदलताना, ते काढून टाकणं चूक ठरते. तरीही लांब साखळीचा नाद सोडा. आधी डॅम्पिंग स्फिअर फोडणारा पत्ता शोधा. ट्रिनिस्फिअरसमोर कितीही सूट असली तरी स्पेल किमान ३ चा. रिचुअलचा नफा शून्य होतो, त्यामुळे ते काढल्याशिवाय सुरुवातच करू नका.

कमांडर टेबलावरच्या वेगळ्या चुका

कमांडर हा सहसा चौघांनी, प्रत्येकी ४० लाइफने खेळायचा प्रकार; इथे हेल्म ऑफ अवेकनिंग जास्त दिसतं. २ मानात सगळ्या स्पेलना १ सूट, पण ती चारही खेळाडूंना. आपला टर्न संपवताना हेल्म उतरवलं तर पुढचे तिघे आधी त्यावर जेवतात. जेनेरिक असलेले किमान तीन स्पेल त्याच टर्नला हातात असतील तेव्हाच टाका. दोनने फक्त बरोबरी होते.

क्लाऊड की एकाच प्रकारच्या स्पेलना सूट देते; तो प्रकार ती उतरतानाच सांगावा लागतो, नंतर बदलता येत नाही. मिस्टिक फोर्जच्या (लायब्ररीच्या, म्हणजे ओढायच्या गड्डीच्या, वरचा आर्टिफॅक्ट तिथूनच टाकू देणारा पत्ता) डेकमध्ये आर्टिफॅक्ट म्हणा, सवयीने इन्स्टंट म्हणू नका. सेम्ब्लन्स अ‍ॅन्व्हिलला हातातला एक पत्ता द्यावा लागतो आणि सूट २ ची आहे. आर्टिफॅक्ट प्राणी दिला तर दोन्ही प्रकारांना सूट मिळते, पण एखादा स्पेल दोन्ही प्रकारांत बसला म्हणून ४ ची मिळत नाही.

मिस्टिक फोर्ज, टॉप आणि आर्टिफॅक्टला सूट देणारा एक पत्ता (फाउंड्री इन्स्पेक्टर, एथेरियम स्कल्प्टर, क्लाऊड की किंवा हेल्म) ही कमांडरमधली ठरलेली साखळी आहे. टॉप मॉडर्न आणि लेगसीत बंदीत असल्यामुळे तिथे ती चालत नाही. टॉप टॅप करून एक पत्ता ओढा, टॉप लायब्ररीवर जातो, फोर्जमुळे तो तिथूनच शून्य मानात टाका, पुन्हा टॅप. दर फेरीला एक पत्ता आणि एक स्पेल. एथरफ्लक्स रेझर्वॉयर (तो त्या टर्नचा जितकावा स्पेल तितके लाइफ देणारा, आणि ५० लाइफ मोजून ५० डॅमेज मारणारा पत्ता) आधीच टेबलावर असेल तर ४० लाइफवरून १५ फेऱ्यांत १२० लाइफ मिळून १६० होतात, म्हणजे ५०-५० चे तीन वार करून १० शिल्लक. १४ फेऱ्यांत १४५ च होतात, तिसरा वार बसत नाही. त्या टर्नला आधी टाकलेले स्पेलही मोजणीत येतात, म्हणून प्रत्यक्षात फेऱ्या कमी लागतात. लायब्ररी पूर्ण रिकामी झाल्यावर टॉप टॅप करू नका: ओढायला पत्ता नाही, आणि डाव हरलात.

सहा सूट देणारे पत्ते ९९ पत्त्यांच्या डेकमध्ये ठेवले तर सुरुवातीच्या सातांत एक येण्याची शक्यता जेमतेम ३६ टक्के. इथे शोधून आणणारे पत्ते जास्त कामाचे.

टेबलावरची भाषा

एकाच टेबलावर कोणी "तीन" म्हणतो, कोणी "मूरु", कोणी "थ्री". लांब साखळीत आकडा हरवतो आणि मग स्पेल मागे घ्यायची वेळ येते. दोन फासे ठेवा, एक उरलेल्या मानाचा, एक स्पेलच्या मोजणीचा. प्रत्येक स्पेलला पत्त्याचं नाव, मोजलेली किंमत आणि उरलेला माना, या क्रमाने बोला आणि फासा फिरवा.

पावसाळ्यातली भानगड

जून ते सप्टेंबर खानापूर-बेळगाव भागात हवा इतकी दमट असते की फॉइल पत्ते पुढच्या बाजूला वाकतात. मागचा कागद ओल धरतो, चकचकीत थर धरत नाही. डेकमध्ये फक्त चार मेडॅलियन फॉइल असतील तर गड्डीत त्यांची जागा बोटाला कळते. अधिकृत स्पर्धेत याला खूण केलेले पत्ते धरून शिक्षा होऊ शकते, हेतू नसला तरी. एकतर सगळे पत्ते साधे ठेवा, किंवा दुहेरी स्लीव्ह घालून डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि दर महिन्याला बदला.

कुठे बसतं ते शोधण्याची चाचणी

समोर कोणी नसताना वीस हात खेळा. प्रत्येक डाव जिथे अडकला तिथे तीनपैकी एक खूण करा: माना संपला, पत्ते संपले, किंवा तिसऱ्या टर्नपर्यंत सूट देणारा पत्ताच आला नाही. माना संपल्याच्या खुणा जास्त असतील तर आधी क्रम तपासा: ग्रेपशॉट, स्प्लाइस, लँड. तरी कमी पडला तर एक रिचुअल वाढवा. पत्ते संपल्याच्या खुणा जास्त असतील तर मेडॅलियन आणि रिचुअल मिळून जास्त झालेत. एक काढून रेकलेस इम्पल्सच्या जातीचा पत्ता घाला. सूट आलीच नाही असं वीसपैकी चार-पाच वेळा झालं, तर ८ प्रतींच्या डेकला ते गणिताप्रमाणेच आहे. तिथे यादी बदलू नका, मुलिगन (वाईट हात परत करून नवा घेणं) जास्त कडक करा.